जोडाघर

चौदावा प्रश्न वाचून दाखवला तेव्हा ग्यानीजींनी टेपरेकॉर्डरकडे बोट केलं.

“हे बंद करता का, सर?”

मी बटण दाबलं. आधीच्या सोळा जणांनी चौदावा प्रश्न पुरता होण्याआधीच ‘नाही’ म्हणून टाकलं होतं. त्यातल्या एकाने तर मला चहाही न देता वाटेला लावलं. प्रश्न असा होता : आपण कधी केस कापले आहेत काय? होय किंवा नाही. ‘होय’ असल्यास, स्वेच्छेने की सक्तीने? शीख माणसाला त्याच्याच घरात बसून असं विचारायला एक तर फार धाडस लागतं किंवा विद्यापीठाची नोंदणी लागते. माझ्याकडे दुसरी होती.

ग्यानी तेगासिंघ हे बोरसावंगीच्या लहानशा गुरुद्वाऱ्यात पाठी होते, म्हणजे रोज पहाटे आणि संध्याकाळी गुरू ग्रंथसाहिबाचं वाचन करणारे. त्यांचे पणजोबा निजामाच्या फौजेबरोबर मराठवाड्यात आले ते इथलेच झाले. ग्यानीजी गुरुमुखी वाचत, हिंदीत हिशेब सांगत आणि मराठीत रागावत. वय सत्तेचाळीस. दाढी छातीपर्यंत, अर्धी पांढरी. १९९२ सालचा मार्च होता.

“लिहा, हो,” ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“सकाळी याच तोंडानं पाठ केलाय. आता त्याच तोंडानं खोटं बोलू काय? सात वर्षांत कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलं. लिहा.”

“चौऱ्याऐंशी साली?”

“एक नोव्हेंबर. गाडीत. दिल्लीहून परत येताना.”

पुढे काही विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी गाड्यांमध्ये काय झालं ते पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. मी आपणहोऊन ‘सक्तीने’वर खूण करायला पेन टेकवलं.

“ते नाही,” ग्यानीजी वाकून म्हणाले. “पहिलं. स्वेच्छेने.”

स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी खणकलं. त्यांची बायको, बसंतकौर, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. एका कपातला चहा बशीत सांडला होता. तिने तोंड उघडलं. ग्यानीजी मागे न बघता म्हणाले, “ठेव आणि जा.” तिने ठेवला आणि ती गेली.

मी ते पाहिलं. बशीत सांडलेला चहासुद्धा पाहिला. पण माझी पाहणी कुटुंबप्रमुखांची होती. नमुना चाळीस कुटुंबप्रमुखांचा, आणि आमच्या शास्त्रात चहा आणणारी व्यक्ती ही परिस्थिती असते, उत्तरदाता नसते.

फॉर्मच्या शेवटी चार रकाने होते. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेले. केशधारी, म्हणजे दीक्षा नाही पण केस राखलेले. सहजधारी, म्हणजे श्रद्धा आहे पण केस नाहीत. आणि चौथा : पतित. दीक्षा घेऊन केस कापणारा. हा शब्द मी शोधून काढला नव्हता, तो त्यांच्याच नियमांतला. तरी आमच्याकडे पतित हा शब्द देवाच्या नावाला चिकटूनच येतो. पतित नसतील तर देवाला कामच काय, अशी आपली एकंदर समजूत. तेव्हा मी चौथ्या रकान्यात खूण केली ती काही फार जड हाताने केली नाही.

ग्यानीजींनी ती खूण पाहिली. म्हणाले, “चहा घ्या. गार होतोय.”

*

माझे मार्गदर्शक डॉ. उपळेकर यांचं एकच तत्त्व होतं : “हळबे, प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसलाच पाहिजे. नाही बसला तर माणूस दाबा, रकाना वाढवू नका.” उत्तरदाता क्रमांक सतरा पाहून ते खुर्चीत सरळ बसले. “चाळीसात एक! अडीच टक्के! आणि तोही स्वेच्छेने! अहो, हा तुमच्या प्रबंधाचा प्राण आहे.” त्या प्राणावर मी पाचवं प्रकरण उभं केलं. मराठवाड्यातील शीख अस्मिता आणि तिचे ताणतणाव. बावन्न पानं.

उत्तरदात्यांची नावं अर्थातच गुप्त ठेवली. परिशिष्टात फक्त क्रमांक, गाव, वय आणि व्यवसाय. क्रमांक सतरा, बोरसावंगी, सत्तेचाळीस, पाठी.

बोरसावंगीत पाठी एकच होता.

हे माझ्या लक्षात आलं नाही. उपळेकरांच्या आलं नाही. टंकलेखन करणाऱ्या बाईंच्याही आलं नाही, पण त्यांना निदान पानाप्रमाणे पैसे मिळत होते. प्रबंध कुणी वाचत नाही हा आमच्या विद्यापीठाचा पाया होता आणि त्या विश्वासावर मी अजून एक गोष्ट केली. प्रबंध सादर झाल्यावर एक बांधीव प्रत लाल रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत, कृतज्ञता म्हणून बोरसावंगीच्या गुरुद्वाऱ्याला पोस्टाने भेट पाठवली.

गुरुद्वाऱ्याचे सेक्रेटरी ठानसिंघ ट्रकच्या टायरांचा धंदा करत. टायरच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्यांनी प्रबंध वाचला. परिशिष्टासकट वाचला. माझा प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचलेला हा मला माहीत असलेला एकमेव माणूस. ठानसिंघांचा मेहुणा गुरुमुखी शिकून आला होता आणि बोरसावंगीत पाठ्याची जागा एकच होती.

मला पत्र आलं. मराठीत, टाइप केलेलं, विनम्र. ‘आपल्या मौलिक संशोधनासंदर्भात काही खुलासा हवा आहे. रविवारी दहा वाजता यावे ही विनंती.’ माझी तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायव्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात होती. त्या रविवारपासून अकराव्या दिवशी.

*

गुरुद्वाऱ्याच्या फाटकाशी डाव्या हाताला जोडाघर असतं. तिथे जोडे सोडायचे, टोकन घ्यायचं आणि आत जायचं. कुणी ना कुणी सेवा म्हणून तिथे बसतो आणि लोकांचे जोडे पुसून ठेवतो. त्या दिवशी बसंतकौर बसली होती. मांडीवर फडकं, शेजारी वाळत टाकलेलं दुसरं फडकं.

“द्या, भाऊ,” ती म्हणाली.

मी बूट मागे ओढले. “नको नको, तुम्ही कशाला?”

“रोजच करते. आठ वर्षं झाली.” तिने बूट घेतलेच. पुसता पुसता खालीच बघून बोलायला लागली. “तुम्ही त्या दिवशी विचारलं नाही. आज तरी ऐकता का?”

फाटकाशी कुणी नव्हतं. मी उकिडवा बसलो.

“ते तापात होते. मलेरिया. एकशे चार. वरच्या बाकावर निपचित पडलेले. गाडी एका लहानशा स्टेशनावर थांबली आन् बाहेर आरडाओरडा सुरू झाला. एकेक डबा बघत येत होते. समोर अमरावतीच्या एक मावशी होत्या. त्या म्हणाल्या, पोरी, पगडी काढ त्याची. मी म्हटलं, केस आहेत, मावशी. त्या म्हणाल्या, मग?” बसंतकौरने बुटाची नाडी आत खोचली. “माझ्याजवळ कात्री होती. ग्रंथसाहिबावर घालायचा रुमाला शिवत होते ना, त्याला गोटा लावायची कात्री. दाढी आधी कापली. मग केस. मावशींनी आपलं लुगडं टाकलं त्यांच्या अंगावर, आन् दाराशी जाऊन सांगितलं, माझा दीर आहे, टायफॉइड आहे, जवळ याल तर लागेल. ते गेले. पुढच्या डब्यातनं दोघांना उतरवलं. मी खिडकीतनं बघितलं.”

तिने फडकं झटकलं.

“केस टाकले नाहीत, भाऊ. रुमाल्यात बांधून आणले. गोदावरीत सोडले. मग वर्षभर नागपूरला माझ्या भावाकडे राहिलो. इथे सांगितलं, टायफॉइडनं केस गेले. लोकांनी मानलं.”

“आणि ग्यानीजी?”

“त्यांना कुठं शुद्ध होती? झाशीच्या पुढे डोळे उघडले. डोक्याला हात लावला. माझ्याकडे बघितलं. आजवर एक शब्द बोलले नाहीत. पाप माझं. म्हणून तर बसते इथे.” तिने दुसरा बूट उचलला. “तो ठानसिंघच सांगत होता, मर्जीनं कापले तरच पतित. बेशुद्धीत कुणी कापले तर दोष नाही. मग तुम्ही सांगा ना आत. माझं ऐकणार नाहीत, नवऱ्यासाठी बोलते म्हणतील. तुम्ही शिकलेले. तुमच्या कागदावर तर सगळं चाललंय.”

“बघतो,” मी म्हणालो.

मराठीत या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. तिलाही होता. तरी तिने टोकन दिलं. बारा नंबरचं.

*

बैठक कमिटीच्या खोलीत होती, दरबारात नाही. पाच खुर्च्या, एक टेबल, टेबलावर माझा प्रबंध. त्यात जागोजाग बसच्या तिकिटांच्या खुणा घातलेल्या. माझ्या गुणवत्तेचा इतका बारकाईने विचार परीक्षकांनीही केला नव्हता. ग्यानीजी भिंतीशी सतरंजीवर बसले होते. त्यांनी खुर्ची घेतली नव्हती, की दिली नव्हती, कळलं नाही.

“या, प्रोफेसर साहेब,” ठानसिंघ म्हणाले. “लई अभ्यास केलाय बुवा आमचा. आम्हालाच आमचं एवढं ठाऊक नाही.”

कुणीतरी हसलं.

“एवढंच विचारायचंय. हा सतरा नंबर. ‘स्वेच्छेने’ असं ग्यानीजी बोलले, का तुम्ही अंदाजानं लिहिलं?”

“मी सांगितलं,” ग्यानीजी म्हणाले. “मीच कापले. सरांना कशाला विचारता?”

“तुम्हाला नाही विचारलं, ग्यानीजी. शास्त्रानं चालू द्या.” ठानसिंघ माझ्याकडे वळले. “बोला, सर.”

आता सांगायला हवं. सांगायला फार नव्हतं. फॉर्म भरताना माझं लक्ष चुकलं, नीट विचारलं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाची साक्ष घेतली नाही, घ्यायला हवी होती. इतकं पुरलं असतं. पण सतरा नंबर चौथ्या रकान्यातून निघाला की अडीच टक्के गेले. अडीच टक्के गेले की सहावा तक्ता गेला. तक्ता गेला की पाचवं प्रकरण, बावन्न पानं. आणि उत्तरदात्याचं उत्तरच नीट न घेणारा संशोधक म्हणून मी. अकरा दिवसांवर. कॉलेजातली माझी जागा हंगामी होती. पदवी मिळाली तर कायम होणार होती. हे सगळं मी एका श्वासात मोजलं. माणूस घाबरला की गणितात तरबेज होतो.

“त्यांनी सांगितलं तेच लिहिलंय,” मी म्हणालो.

“खोटं आहे!”

बसंतकौर दारात होती. हातात फडकं तसंच.

“मी कापले. माझ्या हातानं. ह्यांना शुद्ध नव्हती. द्या मला काय शिक्षा द्यायची ती.”

“बीबीजी,” खुर्चीतले सगळ्यात म्हातारे सरदार समजुतीने म्हणाले, “नवरा आहे, जीव तुटणारच. पण आठ-नऊ वर्षं गप्प बसून आज?”

“मला कुणी विचारलं?”

ठानसिंघांनी प्रबंधाची पानं उलटली. “सर, तुम्ही घरी गेलता तेव्हा ही हजर होती?”

“होत्या.”

“काही बोलल्या? असं काही सांगितलं?”

“चहा आणला होता.”

“मग यांना तुम्ही विचारलं नाही?”

“पाहणी कुटुंबप्रमुखांची होती,” मी म्हणालो.

आयुष्यात मी उच्चारलेलं हे शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत निर्दोष वाक्य. खोलीत कुणाला त्यात काही खोट काढता आली नाही. बसंतकौरने माझ्याकडे पाहिलं. वीस मिनिटांपूर्वी जोडाघरात उकिडवा बसलेला माणूस तिला माझ्यात शोधायचा होता बहुतेक. मग तिने हातातल्या फडक्याची घडी घातली.

“बस झालं,” ग्यानीजी तिला म्हणाले. “जा तू. लोक येतायत, जोडे पडलेत.”

ती गेली. आणि ग्यानीजींनी माझ्याकडे बघून किंचित मान लववली. आभार मानतात तशी. मला तो टोमणा वाटला.

निकाल लागायला पाच मिनिटं पुरली. उद्यापासून पाठ बंद. वैशाखीपर्यंत खोली रिकामी करायची. म्हातारे सरदार तेवढे म्हणाले, “तेगासिंघ, मार्ग आहे ना. अमृत देणाऱ्या पाच प्याऱ्यांसमोर उभा राहा, काय झालं ते कबूल कर, पुन्हा अमृत घे. गुरू बख्शणारा आहे. मग हे कसे काढतात बघतो मी.”

ठानसिंघांना खोकला आला.

“नाही,” ग्यानीजी म्हणाले.

“काहून?”

“नाही.”

*

जोडाघरात माझे बूट एका बाजूला ठेवले होते. पुसलेले, पॉलिशही केलेले. बसंतकौर दुसऱ्या कुणाचे तरी जोडे घेत होती. तिने टोकन घेतलं आणि बूट पुढे सरकवले. मी बूट घातले.

ग्यानीजी स्टँडपर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. पाहुणा आहे, म्हणाले. वाटेत उसाच्या रसाचं दुकान लागलं, तिथे दोन ग्लास सांगितले. मला काहीतरी बोलणं भाग होतं.

“ग्यानीजी, माझी चूक झाली. बाईंनी मला आधीच सगळं सांगितलं होतं. मी बोलायला हवं होतं.”

“बरं झालं नाही बोललात. मी तेच मागत होतो वाहेगुरूला. तिचं ऐकून तुम्ही बोलले असते तर मी सुटलो असतो.”

“मग?”

त्यांनी ग्लासातला बर्फ बोटाने काढून टाकला.

“मला जाग होती, सर.”

रसवाल्याच्या चरकाची घुंगरं वाजत होती. मी जरा जवळ सरकलो.

“ताप होता. पण जाग होती. मावशी बोलली ते ऐकलं. कात्रीचा आवाज ऐकला. पहिली बट कापली तेव्हा हात धरता आला असता तिचा. नुस्तं ‘नको’ म्हटलं असतं तर ती थांबली असती, मला न विचारता पाणीसुद्धा पीत नाही ती. मी डोळे मिटून घेतले. घट्ट. म्हटलं, कापू दे. तिनं कापले तर पाप तिला, जीव मला.” त्यांनी रस एका दमात संपवला. “पुढच्या डब्यातल्या दोघांनी डोळे मिटले नव्हते. आवाज येत होता त्यांचा. पाठ म्हणत होते. मला पाठ होता तो.”

 मग मी सुशिक्षित माणसाला सुचतं तेच बोललो. “मग हेच पाच प्याऱ्यांसमोर सांगा ना. क्षमा मिळेल.”

“मिळेल. गुरू देईल. पण तिथं संगत असते, सगळी मंडळी, सर. गावात सांगितलेलं घरी कळतंच.” त्यांनी गुरुद्वाऱ्याच्या दिशेने पाहिलं. इथून तिथला झेंडा तेवढा दिसत होता. “आठ वर्षं ती रोज लोकांचे जोडे पुसते. थंडीत बोटं फुटतात, रक्त येतं. मी रोज तिच्यासमोरनं आत जातो, रोज जोडे तिच्याकडेच देतो. तिला कळलं मी जागा होतो, तर ती एवढंच विचारेल, मग मला बसू का दिलंत? काय सांगू?”

एसटी आली. मी चढलो. ते खिडकीशी आले.

“तुमचं बरोबर आहे, सर. स्वेच्छेने. खोडू नका.”

*

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहावा तक्ता काढला. “हा सतरा नंबर. ‘स्वेच्छेने’ कशावरून?”

“त्याने स्वतः सांगितलं.”

“पडताळा घेतला?”

“घेतला,” मी म्हणालो. “आकडा बरोबर आहे.”

उपळेकर अभिमानाने हसले. मी खाली बघितलं. बूट अजून चकाकत होते. बसंतकौरचा हात चांगला होता. पदवी मिळाली, जागा कायम झाली, पुढे विभागप्रमुखही झालो. नव्या विद्यार्थ्यांना क्षेत्रपाहणीची पद्धत मीच शिकवत असे. उत्तरदात्याची ओळख गुप्त कशी ठेवावी यावर माझं टिपण आहे, ते अजून झेरॉक्स करून वाटतात.

ग्यानीजी २००१ साली नागपूरला मेहुण्याच्या घरी वारले. म्हाताऱ्या सरदारांनी पोस्टकार्ड टाकलं होतं. त्यांनी पुन्हा पाठ केला नव्हता. बसंतकौर बोरसावंगीला परतली, एवढंच त्यात पुढे होतं.

दोन वर्षांनी एका चर्चासत्राला जाताना माझी बस बोरसावंगीवरून गेली. गुरुद्वाऱ्यासमोर थांबा आहे. खिडकीतून जोडाघर अगदी समोर येतं. ती बसलेली होती. केस पांढरे, मांडीवर फडकं, पुढ्यात जोड्यांची रांग. एक बूट डोळ्यांजवळ नेऊन ती त्याची शिवण पुसत होती.

आता ते सांगता येण्यासारखं होतं. ज्याला लाज वाटायची तो गेला होता. आणि ते सांगू शकणारा जगात मी एकटाच उरलो होतो. पाच मिनिटांचं काम. बाई, उठा, ते जागे होते.

बस बराच वेळ थांबली. कुणाचं तरी पोतं टपावर चढत होतं. कंडक्टर माझ्याजवळ आला, माझी नजर कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि घंटीच्या दोरीला हात घालून विचारलं, “उतरायचंय का, सर?”

“नाही,” मी म्हणालो. स्वेच्छेने.